अपघाताची भरपाई : आधी विमा कंपनीचे नाव विचारा, मगच सही करा

आपल्या शहरातील व्यापारी आणि कारागीर बांधवांचा रोजचा संबंध रस्त्याशी येतो. शहागंजचा फळविक्रेता पहाटे हातगाडी घेऊन निघतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांकडे जाणारा वेल्डर किंवा फिटर मोटारसायकलवर असतो. जुन्या मोंढ्यातून माल भरून छोटा टेम्पो जालना रोडला किंवा बीड बायपासला लागतो. एखाद्या दिवशी अपघात होतो आणि घरातील कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, किंवा जगातूनच जातो. घाटी रुग्णालयाच्या आवारात घरचे लोक अजून सावरलेले नसतात, तोच "केस मी चालवतो, येथे सही करा" असे म्हणणारा कोणी तरी भेटतो.

अशा वेळी सर्वांत आधी कोणती माहिती लागते? ज्या गाडीने धडक दिली तिचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे, पॉलिसीचा क्रमांक काय, आणि अपघाताच्या दिवशी ती पॉलिसी चालू होती काय? ही माहिती मागण्याचा हक्क कायद्याने जखमीला आणि मयताच्या वारसांना दिलेला आहे. तो बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि त्याची किंमत लाखांमध्ये मोजावी लागते. म्हणून आजचा हा पाठ.

तिसरा पक्ष म्हणजे कोण?

विम्याच्या करारात दोन पक्ष असतात. पहिला गाडीमालक, दुसरी विमा कंपनी. ज्याला गाडीची धडक बसली तो तिसरा पक्ष, म्हणूनच 'थर्ड पार्टी' विमा हे नाव पडले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. विम्याच्या शरई बाजूची चर्चा वाचकांना ठाऊक आहे, तो विषय येथे घेतलेला नाही. येथे प्रश्न आहे तो कायद्याने सक्ती केलेल्या विम्याचा, आणि ज्याला इजा झाली त्याच्या हक्काचा.

अडचण अशी की, ज्याच्यासाठी हा विमा आहे त्या तिसऱ्या पक्षाने पॉलिसी कधी पाहिलेलीच नसते. कागद मालकाच्या घरी आणि कंपनीच्या कचेरीत असतो. ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९३० साली कायदा करून तिसऱ्या पक्षाला विमा कंपनीविरुद्ध हक्क देण्यात आला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याची माहिती देण्याचे बंधन आले, ते १९८८ च्या कायद्यात कायम राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याचे संपूर्ण प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. खाली दिलेले कलमांचे आकडे या नव्या प्रकरणातील आहेत.

माहिती देण्याचे बंधन कोणावर?

१) गाडीमालकावर. कलम १५२ सांगते की, ज्याच्याविरुद्ध भरपाईचा दावा आहे त्याने विचारणा झाल्यावर आपला विमा होता की नाही हे सांगण्यास नकार देता कामा नये. विमा असेल तर विमा प्रमाणपत्रातील तपशील द्यावा लागतो. कंपनीने पॉलिसी रद्द केली असेल तर तेही सांगावे लागते. ही विचारणा जखमीने स्वतःच केली पाहिजे असे नाही. त्याच्या वतीने भाऊ, मुलगा किंवा वकील विचारू शकतो.

२) मालक दिवाळखोर झाला किंवा मरण पावला तर माहिती देण्याचे बंधन त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यावर किंवा वारसांवर येते. दावा एखाद्या कंपनीवर असल्याचे त्या माहितीतून दिसले, तर त्या विमा कंपनीलाही कागदपत्रे पाहू द्यावी लागतात आणि त्यांच्या नकला घेऊ द्याव्या लागतात.

३) पोलीस ठाणे आणि आर.टी.ओ. यांच्यावर. कलम १६० नुसार, भरपाईचा हक्क सांगणाऱ्याने ठरलेली फी भरून मागणी केल्यास गाडीची ओळख पटवणारा तपशील आणि अपघाताच्या वेळी गाडी वापरणाऱ्याचे नाव व पत्ता त्यांनी द्यावयाचा आहे.

याशिवाय आज एक सोपा मार्ग आहे. गाडीचा क्रमांक हाती असेल तर परिवहन खात्याच्या 'एम-परिवहन' ॲपवर विम्याची मुदत पाहता येते. मात्र पॉलिसी अपघाताच्या तारखेला चालू होती काय, हे तपासावयाचे आहे. आज दिसणारी पॉलिसी कदाचित अपघातानंतर घेतलेली असू शकते.

पोलिसांकडून कोणते कागद मिळावयास हवेत?

केंद्र सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांत तपास अधिकाऱ्याला दिवस नेमून दिले आहेत. ते असे :

– अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत 'प्रथम अपघात अहवाल' मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. विम्याचा तपशील उपलब्ध असेल तर विमा कंपनीलाही कळवणे. अहवालाची प्रत जखमीला किंवा वारसांना.
– १० दिवसांत जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक २.
– ३० दिवसांत चालकाने आणि मालकाने आपापली माहिती नमुना ३ व ४ मध्ये भरून देणे. विम्याचा तपशील येथे लेखी येतो.
– ५० दिवसांत अंतरिम अहवाल.
– ९० दिवसांत सविस्तर अहवाल.

नियम कागदावरच राहू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ या खटल्यात पोलीस, न्यायाधिकरणे आणि विमा कंपन्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. म्हणून पोलीस ठाण्यात जाताना "साहेब, काही तरी करा" असे म्हणण्याऐवजी "प्रथम अपघात अहवालाची प्रत आणि नमुना दोन द्या" असे नेमके मागावे. मागणी लेखी करावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

विमा कंपनीचा प्रस्ताव : येथेच सावध राहावयाचे

कंपनीला अपघाताची माहिती मिळाली की कलम १४९ नुसार तिला दावा मिटवण्यासाठी एक अधिकारी नेमावा लागतो. हा अधिकारी तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो. प्रस्ताव मान्य केल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि ती नोंद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीला पैसे द्यावे लागतात. प्रस्ताव नाकारला तर दावा बुडत नाही. न्यायाधिकरण सुनावणीची तारीख नेमते आणि गुणदोषांवर निकाल देते.

आता दोन कलमांमधील फरक नीट समजून घ्यावा.

कलम १६४ खाली मृत्यूस ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळतात. येथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. कलम १६६ खाली मिळणारी भरपाई कमाई, वय आणि अवलंबून असलेली माणसे यांच्या हिशेबाने ठरते. येथे मात्र समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि वेळही लागतो.

कलम १६६ मध्येच एक अट लिहिलेली आहे. कलम १४९ च्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. म्हणजे पाच लाखांच्या कागदावर एकदा सही झाली की मोठ्या दाव्याचा दरवाजा बंद झाला. ही सही बहुधा पहिल्या एक-दोन महिन्यांत होते, आणि त्या वेळी घरात इद्दतीत बसलेली विधवा, दवाखान्याचे बिल आणि देणेकरी असतात.

हिशेब स्वतः करून पाहा

मोठा दावा किती मोठा असतो? एक उदाहरण घेऊ. समजा, ३८ वर्षांचा एक कारागीर आहे. महिन्याची कमाई १५,००० रुपये. पत्नी, तीन मुले आणि आई अशी पाच माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत पद्धत घालून दिली आहे. प्रणय सेठी निकाल आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण पगारदाराप्रमाणेच स्वतःचा धंदा करणाऱ्याची कमाईही पुढे वाढली असती, हे त्यात मान्य झाले. वय चाळिशीच्या आत असेल तर कमाईत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ टक्के आणि ५० ते ६० मध्ये १० टक्के वाढ धरतात.

मासिक कमाई : १५,०००
४० टक्के वाढ धरून : २१,०००
वर्षाची कमाई : २,५२,०००
अवलंबून माणसे चार ते सहा असल्यास स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,८९,०००
वय ३६ ते ४० साठी गुणक १५ : १,८९,००० गुणिले १५ = २८,३५,०००

अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या. एकीकडे ५ लाख, दुसरीकडे २८ लाख ३५ हजार. प्रत्येक दाव्यात एवढा फरक पडेल असे समजू नये. मयताची स्वतःची चूक असेल किंवा समोरच्याचा दोष सिद्ध होण्यासारखा नसेल, तर कलम १६४ ची रक्कम हाच योग्य मार्ग ठरतो. सांगावयाचे एवढेच की, कंपनीचा प्रस्ताव आला की कमाई किती धरली, वाढ किती टक्के, गुणक कोणता, वजावट किती, हे चार आकडे लेखी मागावेत आणि स्वतःच्या हिशेबाशी ताडून पाहावेत.

जखमीच्या बाबतीत अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा कमाईवर झालेला परिणाम महत्त्वाचा ठरतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याची दोन बोटे गेली तर धंदा चालू राहील, पण हिमरू विणणाऱ्याची किंवा बिदरीवर नक्षी करणाऱ्याची तीच बोटे गेली तर त्याची रोजीच गेली. डॉक्टरांच्या दाखल्यासोबत आपल्या हाताच्या कामाचा पुरावाही म्हणूनच द्यावा.

पगाराची पावती नसलेल्याने कमाई कशी दाखवावी? बँकेचे पासबुक, मोबाईलवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, हस्तकला कारागीर ओळखपत्र, आयकर विवरणपत्र, व्यापाऱ्याला दिलेल्या मालाची बिले यांचा उपयोग होतो. काहीच नसले तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते, आणि कसबी कारागिराचे त्यात नुकसान होते. तोंडी व्यवहाराची सवय आपल्यात फार आहे. निदान रोजची एक वही तरी ठेवावी.

दावा कोठे आणि किती दिवसांत?

दावा अपघात झाला त्या ठिकाणी, आपण राहतो किंवा धंदा करतो त्या ठिकाणी, किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणी दाखल करता येतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री आपल्या जिल्ह्यात वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी ट्रकवर आदळली आणि १२ जण मरण पावले. त्यांतील लोक नाशिक भागातील होते. अशा वेळी वारसांनी वैजापूरच्या चकरा मारण्याची गरज नसते. राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो. दोन गाड्यांच्या अशा अपघातात दोन्ही गाड्यांच्या विम्याची माहिती मागावी, कारण दोष कोणाचा आणि किती, हे पुढे ठरत असते.

मुदतीबद्दल मोठा गैरसमज आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती. "अपघाताचा दावा कधीही करता येतो" असे जुनी मंडळी सांगतात ते त्यामुळेच. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. परंतु अंतरिम आदेशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. सहा महिन्यांच्या आतच अर्ज द्यावा.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. दलालाला हिस्सा देण्यापूर्वी ही पायरी जरूर चढावी.

गाडी पळून गेली तर?

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर विमा कंपनीचे नाव विचारणार कोणाला? त्यासाठी कलम १६१ आहे. मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

गाडीमालक बांधवांसाठी

आज ज्याच्या हाती टेम्पोचे स्टिअरिंग आहे त्यालाही हा कायदा तितकाच लागू आहे. कोणी विम्याचा तपशील मागितला तर द्या. लपवल्याने जबाबदारी टळत नाही, उलट कंपनीने भरावयाचे पैसे आपल्या घरावर आणि दुकानावर येण्याची पाळी येते. आणखी तीन गोष्टी पाहून ठेवा.

पहिली : जुना टेम्पो घेतला तर आर.टी.ओ.त नाव बदलून घ्या आणि कलम १५७ प्रमाणे चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. गाडी विकली असेल तर घेणाऱ्याने नाव बदलले की नाही ते स्वतः तपासा. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (२०१८) या निकालात म्हटले आहे.

दुसरी : मालवाहू टेम्पोत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे. लग्नाचे वऱ्हाड किंवा फुकट बसवलेले प्रवासी यांना ते नाही. आशा राणी खटल्यापासून (२००२) ही गोष्ट ठरलेली आहे.

तिसरी : तिसऱ्या पक्षाच्या जिवाची व शरीराची भरपाई आणि त्याच्या मालाची भरपाई वेगवेगळी असते. मालाच्या नुकसानीला पॉलिसीत मर्यादा लिहिलेली असते. ती वाचून ठेवा. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबद्दल कंपनीशी वाद असेल तर पुणे येथील विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिसऱ्या पक्षाचा दावा मात्र न्यायाधिकरणातच चालतो.

विम्याची माहिती मागण्याच्या पत्राचा नमुना

प्रति, श्री. ........., मालक, वाहन क्रमांक .........
विषय : मोटार वाहन कायदा १९८८, कलम १५२ अन्वये विम्याची माहिती मिळणेबाबत.
दिनांक ......... रोजी ......... येथे आपल्या वरील वाहनाच्या अपघातात ......... हे जखमी / मयत झाले आहेत. मी त्यांचा ......... असून भरपाईचा दावा करणार आहे. तरी अपघाताच्या दिवशी सदर वाहनाचा विमा होता किंवा कसे, असल्यास विमा कंपनीचे नाव, शाखा, पॉलिसी क्रमांक व मुदत ही माहिती विमा प्रमाणपत्राप्रमाणे लेखी द्यावी. विमा रद्द झाला असल्यास तेही कळवावे.
आपला / आपली, .........

हे पत्र पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावे आणि त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. पत्राची नक्कल व पोचपावती दाव्यासोबत जोडता येते.

थोडक्यात

गाडीचा क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या. पोलिसांकडून प्रथम अपघात अहवालाची प्रत मागा. मालकाला कलम १५२ चे पत्र पाठवा. कंपनीचा प्रस्ताव कोणत्या कलमाखाली आहे ते विचारा आणि हिशेब लेखी घ्या. सहा महिने मोजत राहा. कोऱ्या कागदावर, वकालतनाम्यावर किंवा न वाचता येणाऱ्या इंग्रजी फॉर्मवर घाईने सही करू नका. घरात जो शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल त्यांच्याकडून आधी वाचून घ्या. वाचक बंधू-भगिनींनी हे पान कापून आपल्या दुकानात, कारखान्यात आणि मोहल्ल्यातील मंडळींना दाखवावे, ही विनंती.